बॉम्ब टाकला ते बरंच झालं ना? – आठवीतल्या मुलीचा प्रश्न

उद्यमनगरकर | ६ ऑगस्ट, रात्री ९:४२

माझी मुलगी आठवीत आहे. काल रात्री इतिहासाच्या नोट्स पाठ करत बसली होती. त्यात एक ओळ होती : "अणुबॉम्बमुळे दुसरे महायुद्ध संपले." ती तिनं दोनदा मोठ्यानं म्हटली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "पप्पा, म्हणजे टाकला ते बरंच झालं ना?"

मी जेवत होतो. 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि पुढचं सुचेना. 'हो' म्हणायला जीभ रेटेना. "उद्या सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. आज ६ तारीख, १९४५ साली हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तो दिवस. त्याच वेळी, सकाळी सव्वाआठला, मी कोल्हापूरजवळच्या शिरोलीत आमच्या फौंड्रीच्या भट्टीपाशी उभा होतो आणि डोक्यात तेच चाललं होतं.

मेल्टिंगमध्ये मला बावीस वर्षं झाली. बिडाचा रस आम्ही चौदाशे अंशांच्या आसपास ओततो. लॅडल, म्हणजे रसाची बादली, पाच-सहा फुटांवरून गेली तरी तोंडाची कातडी ओढल्यासारखी होते, आणि आमच्या अंगावर एप्रन असतो, तोंडाला शील्ड असते. हिरोशिमात बॉम्ब जमिनीपासून सुमारे ६०० मीटरवर फुटला. त्याच्या बरोबर खाली जमीन तीन ते चार हजार अंशांपर्यंत तापली. घरांची कौलं उकळून त्यांना फोड आले. लोखंडाचं पाणी दीड हजारावर होतं, हा माझा रोजचा हिशेब, त्यामुळं हा आकडा मला नुसता वाचून पुढं जाता येत नाही. त्या वेळी रस्त्यावर कोण होतं? आगलाव्या बॉम्बनी सगळं शहर एकदम पेटू नये म्हणून मधली लाकडी घरं पाडून मोकळे पट्टे काढायचं काम सुरू होतं. त्या कामावर शाळेतली पोरं लावली होती, सातवी-आठवीतली. ती हजारोंनी मेली.

माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीत होते. इटलीत लढले आणि १९४६ साली ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या फौजेबरोबर जपानला गेले, पहाऱ्यावर. कुरे बंदरापासून हिरोशिमा म्हणजे इथून पन्हाळा, एवढंच अंतर. एकदा त्यांना ट्रकनं तिकडून नेलं होतं. आजोबा त्याबद्दल बोलायचे नाहीत. मी लहानपणी फारच मागं लागलो तेव्हा म्हणाले, "तिथं गाव न्हवतं. गावाची जागा हुती."

आज जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर वाचत बसलो. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांना सल्ला द्यायला नेमलेल्या समितीनं मे १९४५ च्या अखेरीस निशाणा कसा असावा ते ठरवलं होतं. युद्धाच्या कामाचा मोठा कारखाना, त्यात भरपूर कामगार, आणि भोवती अगदी लागून कामगारांची घरं. हे वाचलं आणि मोबाईल खाली ठेवला. हे तर आमच्या उद्यमनगरचंच वर्णन आहे! खाली लेथ, वर माळ्यावर संसार, पलीकडं यादवनगर, अलीकडं राजारामपुरीच्या मागच्या गल्ल्या. त्या निशाण्यात घरं चुकून आलेली नाहीत. घरं हवीत, ही अटच होती. आणि ९ ऑगस्टला रेडिओवर ट्रूमन यांनी जगाला सांगितलं की हिरोशिमा हा लष्करी तळ आहे. तिथं लष्कराचं मुख्यालय होतं, हे खरं. पण साडेतीन लाखांच्या आसपास वस्तीचं ते शहर होतं, आणि वर्ष संपेपर्यंत त्यातली सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली.

म्हणून माझं मत सांगतो. युद्ध संपलं का, हा एक प्रश्न. असं करून संपवायला हवं होतं का, हा वेगळा प्रश्न. पहिल्याला 'हो' म्हटलं तरी दुसऱ्याला 'हो' म्हणावं लागत नाही. कुणी पोराच्या गळ्याला सुरी लावून बापाकडून बांधाचं भांडण मिटवून घेतलं तर भांडण मिटतंच की. पण आपल्या तालमीतला कुठला वस्ताद त्याला जिंकणं म्हणेल?

तरीही मुलीला हे सांगताना मी दुसरी बाजू लपवतोय की काय, अशी शंका येते. कुणाचं मत उलट असेल तर सरळ लिहा.

सैनिक_टाकळी | ६ ऑगस्ट, रात्री १०:३१

दादा, उलट मत माझं आहे आणि ते माझ्या घरातलं आहे.

आमचं गाव शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी. कशामुळं हे नाव पडलं ते सगळ्यांना माहीत आहे. माझे पणजोबा १९४५ च्या उन्हाळ्यात मलायावर उतरायच्या तयारीत होते. 'ऑपरेशन झिपर'. ९ सप्टेंबरला ते उतरले तेव्हा जपाननं शरणागती दिली होती, समोरून गोळी आली नाही. तरीसुद्धा मोरिबच्या किनाऱ्यावर गाड्या चिखलात रुतून बसल्या. पणजोबा म्हणायचे, "वर मशीनगना असत्या तर आमच्यातला एकबी परत आला नसता." माझ्या आजोबांचा जन्म १९४७ चा. पुढचं तुम्हीच समजून घ्या.

ओकिनावात काय झालं तेही मुलीला सांगा. एप्रिल ते जून १९४५, जपानचं एक बेट. अमेरिकेचे साडेबारा हजार मेले, जपानी सैनिक लाखाच्या घरात, आणि तिथली साधी माणसं तेवढीच. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून आईबापांनी आपल्या हातानं पोरं मारली. पुढची चढाई जपानच्या क्यूशू बेटावर १ नोव्हेंबरला ठरलेली होती. तिथं बायाबापड्यांना बांबूचे भाले घेऊन लढायचं शिकवत होते.

आणि जपानच्या टाचेखालची माणसं कोण मोजणार? जपान्यांनी बांधून घेतलेल्या सयाम-बर्मा रेल्वेवर मलायातले तमिळ मजूर कुत्र्यामाकडासारखे मेले. अंदमानात आपली माणसं छळली. चीनमध्ये तर वर्षानुवर्षं. युद्ध एक महिना लांबलं की हे सगळं एक महिना लांबलं. तुमच्या तराजूत ही माणसं दिसत नाहीत, म्हणून लिहिलं. राग मानू नका.

पंचगंगा_घाट | ६ ऑगस्ट, रात्री ११:१८

तीस वर्षं इतिहास शिकवला, त्यामुळे राहवत नाही.

दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे की बॉम्ब पडला म्हणून युद्ध संपलं. ते इतकं सरळ नाही. ९ ऑगस्टला जपानच्या सर्वोच्च युद्धमंडळाची बैठक भरली, तेव्हा हिरोशिमाला तीन दिवस झाले होते. पण त्याच पहाटे रशियाच्या फौजा जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात घुसल्या होत्या. जपानचे राज्यकर्ते तोवर रशियाने मध्यस्थी करावी म्हणून वाट बघत होते. ती आशा संपली. बैठक चालू असतानाच नागासाकीची बातमी आली. तरी शरणागतीच्या अटींवर सहा जणांचं मत तीन विरुद्ध तीनच राहिलं. मध्यरात्री प्रकरण सम्राटापुढे गेलं आणि त्याने निर्णय दिला. १५ ऑगस्टच्या रेडिओ भाषणात त्याने नव्या, अतिशय क्रूर बॉम्बचा उल्लेख केला. दोनच दिवसांनी सैनिकांसाठी वेगळी आज्ञा निघाली. तिच्यात रशिया युद्धात उतरल्याचा उल्लेख आहे, बॉम्बचा नाही. जनतेला एक कारण, फौजेला दुसरं.

अजून एक. शरणागतीनंतर सम्राटाचं काय होणार, यावर जपानी अडून बसले होते. जपानला शरण या असं बजावणाऱ्या पॉट्सडॅमच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात राजघराणं राहू शकेल अशा अर्थाचं वाक्य होतं. २६ जुलैला जाहीर झालं तेव्हा ते काढलेलं होतं. शेवटी सम्राट गादीवर राहिलाच. ते वाक्य ठेवलं असतं तर काय झालं असतं, यावर माझ्या व्यवसायातली माणसं अजून भांडतात, आणि मी स्वतः ठाम सांगू शकत नाही. पण बॉम्ब किंवा क्यूशूवर चढाई, असे दोनच रस्ते होते हे खरं नव्हे.

उद्यमनगरकर, मुलीला वहीत 'मुळे' खोडून 'नंतर' लिहायला सांगा. 'अणुबॉम्बनंतर दुसरे महायुद्ध संपले.' गुण कापले तर मी येऊन भांडेन.

कागलकर | ७ ऑगस्ट, सकाळी ६:५५

महाराजांचं १६७६ चं पत्र आठवा, प्रभावळीच्या सुभेदाराला लिहिलेलं. रयतेच्या भाजीच्या देठालाही मन दाखवू नका म्हणून ताकीद दिली होती. आपल्याला हा प्रश्न पडायचं कारणच नाही.

पंचगंगा_घाट | ७ ऑगस्ट, सकाळी ८:१०

कागलकर, ते पत्र मी वर्गात दरवर्षी वाचून दाखवत असे. पण ते आपल्या रयतेबद्दल आहे. शत्रूच्या रयतेलाही तोच नियम लावायचा की नाही, इथंच खरी परीक्षा आहे. लावायचा असं माझं मत. पण पत्र दाखवून प्रश्न मिटत नाही.

मंगळवार_पेठ_ताई | ७ ऑगस्ट, दुपारी २:२०

मी निवृत्त नर्स आहे, प्रसूती विभागात आयुष्य गेलं. तुमचं सगळं वाचून मला सौप्तिक पर्व आठवलं. अश्वत्थाम्याची गोष्ट सगळे सांगतात, पण अर्धीच.

युद्ध तेव्हा संपलेलं होतं. दुर्योधन पडला होता. अश्वत्थाम्यानं गवताच्या काडीवर अस्त्र सोडलं, अर्जुनानं त्याच्यावर सोडलं, आणि मध्ये व्यास आणि नारद येऊन उभे राहिले. अर्जुनानं आपलं अस्त्र मागं घेतलं. अश्वत्थाम्याला ते जमेना. त्यानं सोडायची विद्या घेतली होती, आवरायची नव्हती. मग ते अस्त्र त्यानं कुठं वळवलं? पांडवांच्या सुनांच्या गर्भावर.

हिरोशिमा-नागासाकीत ज्या बायका त्या दिवशी गरोदर होत्या, त्यांच्यातल्या काहींची बाळं लहान डोक्याची जन्मली, बुद्धीनं अधू राहिली. आठ ते पंधरा आठवड्यांच्या गर्भाला धोका सगळ्यात जास्त होता. ही मुलं १९४६ मध्ये जन्मली, शांततेत. आगीनं जळालेला माणूस मी पाहिला आहे, गोळी लागलेलाही. ती जखम त्या माणसाची असते. ही जखम अजून नाव न ठेवलेल्या जिवाला झाली. सैनिक टाकळीचे भाऊ म्हणतात तसा मेलेल्या माणसांचा तराजू धरायला मी तयार आहे, पण ही बाळं त्यात कुठल्या पारड्यात घालायची ते मला सांगा.

राजारामपुरी_सातवी_गल्ली | ७ ऑगस्ट, सायंकाळी ७:०५

वकिली करतो म्हणून उलटतपासणी. ९-१० मार्च १९४५ च्या एका रात्रीत टोकियोत साध्या आगलाव्या बॉम्बनी सुमारे एक लाख माणसं जळून मेली. त्यावर धागा निघत नाही. अणुबॉम्बचाच एवढा उच्चार का? मेलेल्याला कशानं मेलो याचा काय फरक?

आणि कायद्याचं म्हणाल तर १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं मत दिलं की अण्वस्त्रांचा वापर सर्वसाधारणपणे युद्धाच्या नियमांविरुद्ध ठरेल. पण देशाच्या अस्तित्वावरच बेतलं असेल तर काय, हे आपण ठामपणे सांगू शकत नाही. सात विरुद्ध सात मतं पडली, अध्यक्षांच्या निर्णायक मतावर ते वाक्य टिकलं. म्हणजे जगातल्या मोठ्यात मोठ्या न्यायाधीशांनीही दार थोडं उघडं ठेवलं. पण १९४५ मध्ये अमेरिकेच्या अस्तित्वावर बेतलं होतं असं कुणीच म्हणू शकत नाही. त्या दारातून ट्रूमन आत येत नाहीत, हेही मी मान्य करतो.

गडहिंग्लज९८ | ७ ऑगस्ट, रात्री ८:३०

हे सगळं बोलायला बरं आहे. आपण १९९८ ला पोखरण केलं नसतं तर आज काय झालं असतं?

उद्यमनगरकर | ७ ऑगस्ट, रात्री १०:१५

गडहिंग्लज, तो वेगळा धागा काढा, मी येतो तिथं. आपण आधी वापरणार नाही असं आपल्या देशानं जाहीर केलेलं आहे, एवढंच इथं म्हणतो. हातात असणं आणि शहरावर टाकणं यांत अंतर आहे, आणि माझा प्रश्न टाकण्याचा आहे.

वकीलसाहेब, टोकियोबद्दल तुमचं बरोबर. मी ते आधी लिहायला हवं होतं. तेही चूकच. किंबहुना मार्चमध्ये ती रेघ ओलांडली होती म्हणून ऑगस्टमध्ये कुणाला थांबावंसं वाटलं नाही. फरक विचारलात तर ताईंनी तो लिहिला आहे. टोकियोची आग विझली. हिरोशिमातल्या ज्या पोरांच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, ती दहा वर्षांनी रक्ताच्या कर्करोगानं मेली.

आता नागासाकी. काल रात्री मी जे वाचलं त्यानं झोप उडाली. २५ जुलैचा एकच हुकूम होता. पहिला बॉम्ब ३ ऑगस्टनंतर हवा बघून टाका, आणि पुढचे जसे तयार होतील तसे टाका. दुसरा टाकायचा का, यासाठी कुणी वेगळं बसलंच नाही. तो ११ तारखेला टाकायचा होता; हवा बिघडणार म्हणून ९ ला आणला. निशाणा कोकुरा होतं. तिथं ढग आणि धूर होता, विमानानं तीन फेऱ्या मारल्या, दिसेना, मग नागासाकीला गेलं. ७० हजारांच्या वर माणसं वर्षाच्या आत मेली. टोकियोतल्या मंडळींना पहिल्या बॉम्बवर विचार करायला तीन दिवस. आमच्या फौंड्रीत एखाद्या हीटचं (एका वेळी वितळवलेल्या रसाचं) कास्टिंग रिजेक्ट झालं तर पुढची हीट लावायच्या आधी आम्ही यापेक्षा जास्त चर्चा करतो. हे मी मनापासून, दुःखानं लिहितोय.

१० तारखेला ट्रूमन यांनी सांगितलं, आता मला विचारल्याशिवाय टाकायचा नाही. तिसरा १७-१८ ऑगस्टनंतर तयार होणार होता. आणखी लाखभर माणसं, ती सगळी पोरं, हे सहन होत नाही असं ते मंत्रिमंडळात बोलल्याचं त्यांच्याच मंत्र्यानं, वॉलेस यांनी, डायरीत लिहून ठेवलं आहे. ताई, म्हणजे आवरायची विद्या त्यांच्याकडे होती. ती ९ तारखेच्या आधी का आठवली नाही?

सैनिक_टाकळी | ७ ऑगस्ट, रात्री ११:०२

दुसरा बॉम्ब – तुमचं मान्य. त्याला मी काही बोलू शकत नाही. ताईंच्या प्रश्नालाही माझ्याकडे उत्तर नाही.

पहिला – नाही. दादा, तुम्ही ५ ऑगस्टला ट्रूमनच्या खुर्चीत आहात असं समजा. काय कराल? 'टाकणार नाही' हे अर्धं उत्तर झालं. पुढं काय, ते सांगा. आणि ते माझ्या पणजोबांच्या तोंडावर सांगता येईल असं सांगा.

वळिवडे_स्टेशन | ८ ऑगस्ट, सकाळी ७:३०

मध्येच लिहितो. आमच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ पोलंडची जवळपास पाच हजार निर्वासित माणसं राहिली, बहुतेक बायका-मुलं. आमची पणजी कॅम्पात भाजी विकायची. १९४५ ला युद्ध संपलं, पेढे वाटले म्हणे, आणि त्या बायका रडत बसल्या होत्या. त्यांची गावं रशियात गेली होती. आणखी तीन वर्षं त्या इथंच होत्या. 'युद्ध संपवलं' हा शब्द तुम्ही सगळे एवढ्या सहज वापरताय म्हणून आठवलं.

उद्यमनगरकर | ८ ऑगस्ट, रात्री ९:२०

टाकळीकर, दिवसभर तुमचाच प्रश्न डोक्यात होता. उत्तर देतो.

मी थांबलो असतो. चढाई १ नोव्हेंबरला होती, म्हणजे जवळजवळ तीन महिने हातात होते. जर्मनी पडल्यावर तीन महिन्यांत उतरतो असं रशियाच्या स्टालिन यांनी याल्टाच्या परिषदेत कबूल केलं होतं, ते आठवड्यावर आलं होतं. सम्राटाबद्दलचं वाक्य मी परत घातलं असतं. बॉम्ब आधी ओसाड जागी दाखवा असं काही शास्त्रज्ञांनी जूनमध्येच लेखी कळवलं होतं, ते केलं असतं.

आणि हे सगळं करून जपान नमलं नसतं तर? तर त्या काळात चीनमध्ये, मलायात, कैद्यांच्या छावण्यांत माणसं मेली असती, आणि ती माझ्या थांबण्यामुळं मेली असती. तुमच्या पणजोबांना त्या चिखलात उतरावं लागलं असतं, वर मशीनगना असताना. हे मी टाळत नाही. तुम्ही मला हे लिहायला लावलंत, ते बरं केलंत.

ते वाचले याचा आनंद मला खरा आहे. त्यांनी 'बरं झालं' म्हटलं असेल तर त्यात त्यांचा काडीचा दोष नाही. पण त्यांच्यासमोर बोलायचं तर मी माझ्या आजोबांचंच बोलणं सांगेन. हे मी पहिल्या दिवशी लिहिलं नव्हतं. कॉलेजात असताना मी त्यांना तुमचाच मुद्दा सांगितला होता, की बॉम्ब पडला म्हणून तुमच्यासारखे किती वाचले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमी मरायचा पगार घ्येत हुतो. त्या पोरास्नी कुनी पगार दिलता?"

आज मुलीला हे सांगितलं. ओकिनावा सांगितलं, तुमचे पणजोबा सांगितले, रेल्वेवरचे मजूर सांगितले, कामावर गेलेली पोरं सांगितली. तिनं 'मुळे' खोडलं. 'नंतर' लिहिलं. मग विचारलं, "पण पप्पा, त्या पोरांच्या शाळेत दुसऱ्या दिवशी हजेरी कुणी घेतली?" मला सांगता आलं नाही.

सैनिक_टाकळी | ८ ऑगस्ट, रात्री ९:५८

वाचलं. माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, खोटं कशाला बोलू. पण आज आईला विचारलं, पणजोबा बॉम्बबद्दल काय म्हणायचे. ती म्हणाली, काहीच नाही. मलायाच्या चिखलाचं शंभर वेळा सांगायचे, बॉम्बचं एकदाही नाही.

त्यांचं पेबुक (लष्करातली पगाराची वही) आणि दोन पदकं घरी आहेत. तुमच्या आजोबांचं काही असेल तर रविवारी घेऊन या. गावात अजून दोन घरांत त्या वेळचे कागद आहेत, बघू.

उद्यमनगरकर | ८ ऑगस्ट, रात्री १०:०४

ट्रंकेत जपानमधला एक फोटो आहे, पलटणीचा. मागं काय दिसतंय ते मला कधी ओळखू आलं नाही. घेऊन येतो. मुलगीही येते म्हणतेय, सोमवारी तिचा पेपर आहे तरी.